येतो म्हणावं

बाईंच्या घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणायची कुणाची टाप नव्हती. शेजारीण वाटीभर साखर न्यायला आलेली असो, गॅसवाला सिलिंडर ठेवून निघालेला असो, दारात "जातो बरं का" असं म्हटलं की आतून आवाज आलाच, "जातो काय मेल्या? येतो म्हणावं!" गॅसवाला जीभ चावायचा, "येतो बाई, येतो," म्हणायचा आणि जायचा. बंदरावरच्या त्या गावात, तिथल्या प्राथमिक शाळेत बाईंनी जन्म घालवला होता. निम्म्या गावाचे कान पिळले होते. त्यांच्याशी हुज्जत घालायला कोण धजणार? आणि गोष्ट तरी केवढीशी! निघालेला माणूस परत यावा असं आपल्याला वाटतं, म्हणून 'जातो' म्हणायचं नाही. नुसतं म्हटल्याने कुणी परत येत नाही हे बाईंनाही कळत होतं, पण तोंडाला चांगली सवय असलेली काय वाईट, असं त्या म्हणायच्या.

हीच सवय त्यांनी एका परक्या माणसाला लावली, आणि तिथेच सगळं फसलं.

झालं असं, की गावात थोरल्यांनी इस्पितळ बांधलं. थोरले म्हणजे तो मोठा देश. त्याचं खरं नाव गावात कुणी घेत नसे, कारण सरकारने चौकाचौकात पाट्याच तशा लावल्या होत्या: 'थोरला भाऊ, धाकटा भाऊ, एकच घर.' आता भाऊ म्हटला की वाटणी आलीच. थोरल्याला आपलं बंदर हवं होतं, तेही नव्व्याण्णव वर्षांसाठी, आणि ते त्याला मिळालं. धाकट्याला काय मिळालं, तर एक रुंद रस्ता, एक क्रीडांगण, ज्यात शेळ्या चरतात, आणि हे मैत्री रुग्णालय. पण खोटं कशाला बोला, इस्पितळ चांगलं होतं. पांढरंशुभ्र, थंडगार, आणि औषध बाहेरून आणा असं कुणी म्हणत नसे.

त्या सगळ्या पाट्या रंगवल्या बाईंच्या यजमानांनी. गाव त्यांना पेंटर म्हणायचं. इस्पितळाच्या पाटीवर हवी असलेली थोरल्यांची लिपी त्यांना ओ की ठो कळत नव्हती. नमुन्याचा कागद समोर ठेवून त्यांनी ती अक्षरं चित्रासारखी उतरवली. उद्घाटनाला थोरल्यांचा राजदूत आला होता, तो म्हणे पाटीकडे बघून 'वा' म्हणाला. त्याने पाटीला वा म्हटलं की समोर आलेल्या सरबताला, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, पण पेंटर ती गोष्ट येईल त्याला रंगवून सांगायचे. रंगवणं त्यांच्या हाडातच होतं.

मग पेंटरांच्या दोन्ही किडन्यांनी, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, एकाच दिवशी राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास खुर्चीत पडून राहायचं आणि यंत्राकडून रक्त गाळून घ्यायचं. डाव्या हाताला त्यासाठी नस जोडून दिली होती. तिथे बोट ठेवलं की आत घरघर लागायची. "हातात मोटर बसवून घेतलीय," पेंटर सांगायचे, आणि भेटायला आलेल्या पोरांना तिथे बोट ठेवायला लावायचे. घरी पाणी मोजून प्यायचं. बाई अर्धा कप द्यायच्या आणि उरलेला अर्धा कप त्यांच्या डोळ्यांदेखत झाडाला घालायच्या, म्हणजे मागणंच नको. पण माणूस जिवंत होता, हसत होता, उजव्या हाताने छोट्या-मोठ्या पाट्या रंगवत होता. आणखी काय हवं?

ती यंत्रं सांभाळायला थोरल्यांकडून एक इंजिनियर आला. उंच इतका, की बाईंच्या दाराला कपाळ आपटल्याशिवाय घरात शिरल्यासारखं त्याला वाटतच नसावं. त्याला इथली भाषा शिकवायचं काम नगरपालिकेने बाईंना दिलं. रोज दुपारी तो घरी यायचा. "आले आमचे जावईबापू!" पेंटर ओरडायचे. दोघांना मूलबाळ काही नव्हतं. लेकीशिवाय जावई मिळालेला गावातला मीच पहिला, असं पेंटर सांगायचे. आणि जावईबापूही वाढेल ते मुकाट्याने खायचा, तिखटाने डोळ्यांतून पाणी काढत "छान, छान" म्हणायचा.

भाषा मात्र अशी बोलायचा की ऐकत राहावं. "यंत्र आजारी आहे. पाणी दुःखी आहे." एकदा त्याने पेंटरांच्या नळीतलं रक्त बघून मान डोलावली. "तुमची रक्त सुंदर आहे."

"ऐकलंस?" पेंटर बाईंना म्हणाले. "लग्नाला एवढी वर्षं झाली, तुझ्या तोंडून कधी निघालं नाही."

पहिल्याच दुपारी धडा संपल्यावर तो उठला, पुस्तकात होतं तसं म्हणाला, "मी जातो."

"जातो नाही. येतो म्हणावं."

तो गोंधळला. दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "पण मी जातो."

"जातोस रे बाबा. पण म्हणायचं येतो."

"खोटं?"

"खोटं नाही. चांगलं असतं तसं म्हणणं. निघताना सगळे तसंच म्हणतात."

पेंटर तेव्हा आतल्या खोलीत झोपले होते. डायलिसिसवरून आले की ते अगदी मेल्यासारखे झोपायचे, ढोल वाजवले तरी उठायचे नाहीत. त्यामुळे हा धडा त्यांनी ऐकला नाही. त्यांनी ऐकलं ते रोजचं, तो दिलखुलास आवाजातला "येतो!" दारातून, वॉर्डातून, जिन्यावरून. आणि येतो म्हणून गेलेला तो दुसऱ्या दिवशी खरोखरच यायचा.

आता यंत्राची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढे तीच गळ्याशी आली. त्या यंत्रात रक्त गाळायचा फिल्टर घालायचा तो थोरल्यांचाच लागायचा. दुसऱ्या कुणाचा चालत नसे. फिल्टरमध्ये कसलीशी चिप होती, आणि यंत्र आधी ती तपासायचं, आपल्या घरची आहे की नाही. फिल्टरची खोकी दर महिन्याला थोरल्यांच्या जहाजातून थोरल्यांच्याच बंदरात उतरायची. "सासर-माहेर एकाच गल्लीत," पेंटर म्हणायचे. तेव्हा सगळे हसले होते.

मग जगातल्या कुठल्याशा मोठ्या सभेत हात वर करायची वेळ आली. थोरल्यांचं आणि दुसऱ्या एका मोठ्या देशाचं काहीतरी वाजलं होतं. आपल्या सरकारने दुसऱ्यांशीही गोडीगुलाबी सुरू केली होती, एक पूल त्यांच्याकडूनही पदरात पडतोय का ते बघत होतं. म्हणून आपल्या माणसाने हात वर केलाच नाही. थोरल्यांच्या बाजूने नाही, विरोधातही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, हे शाळेतल्या पोराला कळतं, ते सरकारला कळलं नाही. आठवडाभरात थोरल्यांनी आपली सगळी तज्ज्ञ मंडळी 'सल्लामसलतीसाठी' परत बोलावली. बंदर मात्र सल्लामसलतीला गेलं नाही हं. ते जिथल्या तिथे राहिलं, थोरल्यांच्याच ताब्यात. कामापुरता मामा म्हणतात तो असा.

निघायच्या दिवशी जावईबापू वॉर्डात आला. एकेका खुर्चीपाशी थांबला. पेंटरांपाशी आला तेव्हा त्याने वाकून त्यांच्या डाव्या हाताला कान लावला, मोटर ऐकली, आणि "छान" म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. बाई बाजूलाच उभ्या होत्या, हातात रिकामा कप घेऊन.

"येतो," तो म्हणाला.

"या, जावईबापू," पेंटर म्हणाले. "लवकर या. मी आहे इथंच."

खाली बस उभी होती. दाराला कपाळ आपटल्याचा आवाज आला, मग बस सुरू झाल्याचा.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. ही आपल्याकडचीच मुलगी, बाईंच्याच हाताखाली शिकलेली. तिने आडपडदा ठेवला नाही. "काका, फिल्टर थोडेच उरलेत. पुढचं जहाज येईल असं मला वाटत नाही. राजधानीच्या सरकारी इस्पितळात यंत्रं वेगळी आहेत, त्यांना हे फिल्टर लागत नाहीत. तिथं आज दोन जागा रिकाम्या आहेत. मी आत्ता फोन केला तर एक तुम्हाला मिळेल. चार दिवसांनी सगळीकडचे पेशंट तिकडे धावतील, मग माझ्याने काही व्हायचं नाही."

राजधानीत राहायची पंचाईत नव्हती. बाईंची नणंद तिथेच असायची, आणि तिचा सकाळीच फोन येऊन गेला होता: "वहिनी, दादाला घेऊन सरळ इकडे या. वरची खोली रिकामीच आहे. तो नाही म्हणेल, त्याचं ऐकू नका."

आणि तो नाहीच म्हणाला.

"कशाला?" पेंटर म्हणाले. "तो येतोय की."

"काका, कोण येतोय?"

"आमचा जावई. माझ्यासमोर म्हणाला ना, येतो म्हणून. आजवर येतो म्हणाला आणि आला नाही असं एकदा तरी झालंय?"

"अहो, निघताना सगळेच तसं म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"सगळे म्हणजे आपण. आपण सवयीने बोलतो, उचलली जीभ लावली टाळ्याला. तो तसा नाही. तो एकेक शब्द मनात जुळवून मग बोलतो. त्याला जायचंच असतं तर तो जातो म्हणाला असता. जातो हा शब्द काय त्याला येत नव्हता?" ते बाईंकडे वळले. "काय गं? तू शिकवलंयस त्याला. येतं का नाही त्याला 'जातो' म्हणता?"

"येतं," बाई म्हणाल्या.

"झालं तर मग!"

बस, एवढंच. तिथे बाईंनी आणखी एक वाक्य बोलायचं होतं. मीच त्याची जीभ वळवली हो, पहिल्याच दिवशी, तो बिचारा जातोच म्हणत होता. वाक्य तोंडात तयार होतं. पण पेंटर बसले होते असे, की इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा इतका शांत कधी दिसला नव्हता. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ते पटवून घ्यायचं होतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, कुणास ठाऊक, खरंच म्हणाला असेल. जन्मभर शुद्ध-अशुद्ध बघणाऱ्या बाईंनी एका शब्दाचा अर्थ आपल्याला हवा तसा लावून घेतला, आणि गप्प बसल्या. डॉक्टरीणबाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि फोन केला. त्या दोन जागा बँकेतल्या कारकुनाला आणि एका कोळणीला मिळाल्या.

पुढचं जहाज आलं. त्यातून थोरल्यांच्या बंदरासाठी क्रेनचे भाग उतरले. फिल्टरचं एक खोकं नव्हतं.

मग तीनदाचं दोनदा झालं. एकच फिल्टर धुऊन पुन्हा वापरायला लागले. डॉक्टरीणबाईने कुठूनतरी दुसऱ्या बनावटीचे फिल्टर मिळवले, हातापाया पडून. यंत्रात घातल्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरं आली, थोरल्यांच्या लिपीत. कुणालाच वाचता येईनात. पेंटर खुर्चीतून मान उंचावून बघत होते.

"वळण चांगलं आहे," ते म्हणाले. "काय म्हणतंय?"

"ओळख पटत नाही म्हणतंय," डॉक्टरीणबाई म्हणाली. मागे एकदा असंच झालं होतं तेव्हा जावईबापूनेच तिला अर्थ सांगितला होता.

पेंटरांचे पाय सुजले. चप्पल चढेना तेव्हा ते बाईंच्या जुन्या, सैल झालेल्या सपाता घालून फिरायला लागले आणि वर विनोद करायला लागले, की उशिरा का होईना, तुझ्या पावलावर पाऊल ठेवलं. बाई पाणी अर्ध्या कपावरून पाव कपावर आल्या. झाडाला पाणी घालणं त्यांनी बंद केलं. आता त्यांच्याने ते बघवत नव्हतं. रात्री झोप लागायची नाही म्हणून पेंटर उशीला टेकून बसून राहायचे. नणंदेचा रोज फोन यायचा. "वहिनी, मी विचारतेय रोज. रांग लागलीय इथं. तेव्हाच का नाही आणलंत हो?" बाई "हो" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

अशात नगरपालिकेचा माणूस घरी आला. दुसऱ्या मोठ्या देशाची माणसं इस्पितळाची इमारत बघायला येणार होती, त्यांना गोदामासाठी हवी होती म्हणे. तर थोरल्यांच्या अक्षरांची पाटी पुसायला हवी. काम पेंटरांचं, तेव्हा पहिला मान पेंटरांचा.

"आणि तो आला की?" पेंटर म्हणाले. "स्वतःच्या भाषेतली पाटी दिसली नाही तर इस्पितळ चुकलं समजून परत जायचा. मी नाही पुसणार."

तो माणूस हसला नाही. त्याने बाईंकडे बघितलं, आणि "येतो" म्हणून निघून गेला. पाटीवर दुसऱ्याच कुणीतरी चुना फासला. वाईट फासला होता, अक्षरं खालून दिसत होती.

आणि एका दुपारी फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. बाईंनी घेतला आणि पलीकडून आवाज आला, "बाई! तुमची जेवण झाली?"

पेंटर उशीवरून ताडकन उठून बसले. किती दिवसांत असे उठले नव्हते. बाईंनी फोन दोघांच्या मध्ये धरला.

"जावईबापू! कुठं आहात?"

"पेंटर! तुमची मोटर कशी आहे?"

"चालतेय! धूर सोडतेय, पण चालतेय! तुम्ही कधी येताय?"

पलीकडे गडबड होती, माणसं बोलत होती, काहीतरी ठोकल्याचे आवाज येत होते. "मी नवीन देशात आहे," तो ओरडून सांगत होता. "नवीन इस्पितळ. छान पाणी. इथे पण धाकटा भाऊ! इथे पण समुद्र!"

"बरं बरं. पण इकडे कधी येताय?"

"हो, हो. जेवण छान. तुमच्यासारखी नाही, तुमची जास्त छान." कुणीतरी त्याला त्याच्या भाषेत हाक मारली. त्याने ओ दिली, मग घाईघाईने फोनवर आला. आवाज तोच, दिलखुलास. "पेंटर, बाई, बरं. येतो!"

"कधी?" पेंटर म्हणाले.

फोन बंद झाला होता.

बाईंनी फोन खाली ठेवला. रस्त्यावरून गॅसवाला सिलिंडर वाजवत गेला.

"फोनवर कुणी येतो म्हणतं का गं?" पेंटर म्हणाले.

"नाही म्हणत."

"काय म्हणतात?"

"ठेवतो म्हणतात."

"मग हा का म्हणाला?"

पाटीवरची परकी अक्षरं बघून बघून उतरवणाऱ्या माणसाला, न कळता उतरवणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको होतं. पेंटरांनी मान हलवली. "त्याने वळण तेवढं उचललं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पाणी दे जरा." बाईंनी पूर्ण कप भरून दिला. त्यांनी तो हातात घेतला, बघितला, आणि निम्मा ठेवून दिला.

संध्याकाळी त्यांनी आपणच बहिणीला फोन लावायला सांगितला. आता जागा नव्हती. पण घेऊन तर या, बघू, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले होते. 'बघू' म्हणजे काय, ते बाईंना ठाऊक होतं. हा शब्दसुद्धा त्यांनी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या वापरला होता.

दोन दिवसांनी सकाळी गाडी आली. गाडी एकच, पेशंट चौघे, म्हणून नातेवाइकांनी मागाहून बसने यायचं असं ठरलं होतं. पेंटरांना चालवत नव्हतं. गॅसवाला आणि शेजारणीचा नवरा, दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. शेजारीण पदराने डोळे पुसत होती. बाईंनी पिशवी भरली होती, चादर, टॉवेल, गोळ्या. आपला जुना ब्रश पेंटरांनी स्वतः मागून पिशवीत घातला होता. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. खुर्ची तिथेच टेकवली.

घर त्यांनी एकदा आतपर्यंत बघून घेतलं. मग बाईंकडे बघून हसले, तेच ते खोडकर, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखं.

"जातो गं," ते म्हणाले.

गॅसवाल्याने जीभ चावली. शेजारणीचा पदर डोळ्यांशीच थांबला. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले, आता ओरडतील, आता ओरडतील म्हणून.

बाई खाली वाकल्या. त्यांनी पेंटरांच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली, डाव्या हातावर क्षणभर बोट ठेवलं. घरघर अजून लागत होती, पण अगदी बारीक.

"बरं," बाई म्हणाल्या. "सावकाश जा."